एकांताला सरकारी शिक्का

अपमान झाला की माणसं काय करतात याचे ठोकळ तीन प्रकार आहेत. कोणी भांडतं, कोणी अबोला धरतं, कोणी वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्र लिहितं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने १९८६ साली चौथा प्रकार शोधून काढला. त्यांनी अपमान पाटीवर रंगवून घेतला आणि रस्त्याच्या कडेला ठोकला. झालं होतं असं, की त्या जुलै महिन्यात ‘लाइफ’ मासिकाने नेवाडातून आडव्या जाणाऱ्या ५० नंबरच्या महामार्गाला, त्यातही फर्नली ते ईली या २८७ मैलांच्या, म्हणजे साधारण ४६० किलोमीटरच्या तुकड्याला, अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता ठरवून टाकलं. मोटारवाल्यांच्या संघटनेतल्या एका सल्लागाराचं मतही सोबत छापलं. तिथे बघण्यासारखं काहीही नाही, आम्ही कोणाला तिकडे जा म्हणून सांगत नाही, आणि जायचंच असेल तर आपल्याला तगून राहण्याची विद्या येते ना, हे ज्याचं त्याने तपासावं, असा त्याचा आशय. राज्याच्या पर्यटनवाल्यांनी खुलासा मागितला नाही. त्यांनी प्रवाशांसाठी तगून राहण्याची पुस्तिकाच छापली. वाटेतल्या गावांत थांबायचं, पुस्तिकेवर शिक्के मारून घ्यायचे, पुरेसे शिक्के जमले की ती पाठवून द्यायची. मग आपण त्या रस्त्यावरून जिवंत बाहेर पडलात, असं प्रमाणपत्र मिळतं. शिक्का पेट्रोल पंपावर मिळतो, दुकानात मिळतो, संग्रहालयात मिळतो. म्हणजे जिथे जिवाची शाश्वती नाही असं मासिक म्हणत होतं, तिथे गावोगावी एकेक माणूस शाईचं पॅड उघडून बसला आहे.

हा रस्ता निवांत हिंडायला उत्तम आहे याबद्दल वाद नाही. दोन पदरी, जवळजवळ मोकळा, आणि रचनेने इतका सोपा की चुकायची सोय नाही. ग्रेट बेसिन नावाच्या या प्रदेशात डोंगरांच्या रांगा उत्तर-दक्षिण उभ्या आहेत आणि रस्ता पूर्व-पश्चिम जातो. त्यामुळे प्रवासाचं स्वरूप असं: सपाट खोरं, त्यातून पट्टीने ओढल्यासारखा सरळ रस्ता, मग घाट, घाटमाथ्यावरून पुढचं खोरं, त्यातून पुन्हा तसाच सरळ रस्ता. ऑस्टिनजवळचा घाटमाथा सुमारे साडेसात हजार फुटांवर आहे, तेव्हा वाळवंट म्हटल्यावर जे उन्हाळी चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते इथे लागू नाही. हिवाळ्यात या वाळवंटात बर्फ पडतो. नद्याही घरकोंबड्या. इथलं पाणी समुद्राला जाऊन मिळत नाही, कुठल्या तरी खोलगट भागात पसरतं आणि वाळून जातं. एवढं सगळं पाहून बाहेरच्या माणसाने ‘एकाकी’ म्हटलं तर त्यात त्याचं काय चुकलं, असं कोणीही विचारील. त्याचं उत्तर असं, की ओसाड किंवा निर्जन या शब्दांत जमिनीची माहिती फार थोडी असते आणि बोलणाऱ्याच्या कामाची माहिती पुष्कळ असते. ज्याचं जिथे काम नाही त्याला ती जागा रिकामी दिसते. आणि या रस्त्याचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा हिशेब काढला तर दिसतं ते असं, की ज्याने ज्याने त्याला रिकामा म्हटलं त्याने एक तर तो आधी रिकामा केला होता, नाही तर लगेच आपल्या सामानाने भरायला घेतला.

सुरुवात टपालापासून करू. कॅप्टन जेम्स सिम्पसन याने १८५९ मध्ये या भागातून वाटेची पाहणी केली आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६० मध्ये, त्याच वाटेने पोनी एक्स्प्रेस धावू लागली. मिसुरीतल्या सेंट जोसेफहून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोपर्यंत घोड्यावरून टपाल, दहा दिवसांच्या आसपास. घोडा दर दहा-पंधरा मैलांवर बदलायचा, म्हणजे दर दहा-पंधरा मैलांवर एक ठाणं, ठाण्यावर घोडे, घोड्यांना चारा, आणि हे सगळं सांभाळून वैतागलेली माणसं. स्वारांकडून शपथ घेतली जाई की शिव्या देणार नाही, दारू पिणार नाही, भांडणार नाही. वर प्रत्येकाला एकेक बायबल. निर्मनुष्य वाटेवर जाणाऱ्याला भांडणार नाही अशी शपथ घालायची गरज कोणाला पडते? वाटेत माणसं भेटणार याची मालकांना पक्की खात्री होती. आज त्याच वाटेवर फॅलन ते ऑस्टिन हे अंतर शंभराहून अधिक मैल आहे आणि मध्ये नाव घेण्याजोगी वस्ती जवळजवळ नाही. म्हणजे १८६० मध्ये जी वाट दर पंधरा मैलांवर वस्तीची होती ती मोटार आल्यावर एकाकी झाली. वाहन जितकं वेगवान तितकी थांबायची गरज कमी, आणि थांबायची गरज जितकी कमी तितकं सगळं ओसाड. पोनी एक्स्प्रेसचं पुढे काय झालं हे सांगण्यात फार वेळ घालवायला नको. ऑक्टोबर १८६१ मध्ये तारायंत्र किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जोडलं गेलं आणि दोन दिवसांत घोडे बंद. चालवणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं. जेमतेम दीड वर्ष चाललेल्या या तोट्याच्या धंद्याची स्मारकं मात्र आज रस्त्याच्या कडेला इतकी आहेत की नफ्यात चाललेल्या कुठल्याही टपाल खात्याने मनात झुरावं.

या वाटेवरच्या ठाण्यांचं वर्णन करणारा एक साक्षीदार आपल्या ओळखीचा आहे. रिचर्ड बर्टन. मुंबई लष्करात नोकरी केलेला, हिंदुस्थानातल्या अनेक भाषांबरोबर मराठीही शिकलेला, आणि १८५१ साली गोव्यावर पुस्तक लिहून तिथल्या बहुतेक गोष्टींना नाक मुरडलेला. हा माणूस १८६० मध्ये इथून गेला. सँड स्प्रिंग्जच्या ठाण्याला छप्पर नव्हतं, बसायला खुर्ची नव्हती, जमीन घाण होती आणि कोपऱ्यातल्या विस्तवाचा धूर सगळीकडे, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. बर्टनची तक्रार म्हणून ती थोडी कापून घ्यावी हे खरं. पण तक्रारीचा विषय काय आहे पाहा. एकटेपणा जाणवला असं तो म्हणत नाही. त्याचा राग आहे तो तिथे असलेल्या माणसांच्या व्यवस्थेवर. मार्क ट्वेनची व्यथा याहून मोठी. तो १८६१ मध्ये घोडागाडीने नेवाडात आला. त्याआधी दोनच वर्षं हॉरेस ग्रीली हा न्यूयॉर्कचा नामांकित संपादक कार्सन सिटीहून प्लॅसरव्हिलला जात होता, तिथे त्याचं व्याख्यान होतं, आणि हँक मंक नावाच्या गाडीवानाने त्याला वेळेवर पोचवण्यासाठी गाडी अशी उधळली की संपादकांचं डोकं छताला आपटत राहिलं. हा किस्सा वाटेत भेटणारा प्रत्येक जण ट्वेनला सांगे. गाडीवान सांगे, खाणावळवाला सांगे, सहप्रवासी सांगे. आपण तो चारशे एक्याऐंशी किंवा ब्याऐंशी वेळा ऐकला, असा हिशेब ट्वेनने दिला आहे. आकड्यातला अर्धा भाग विनोदासाठी सोडून दिला तरी उरतो तो पुरेसा आहे. निर्जन प्रदेशात एकच विनोद अडीचशे वेळा ऐकायला मिळत नाही. त्याला वर्दळ लागते, आणि तीही बोलक्या माणसांची.

ऑस्टिन हे गाव तर गर्दीतूनच जन्मलं. १८६२ मध्ये तिथे चांदी सापडली आणि बघता बघता हजारोंची वस्ती झाली. आज तिथे दोनशे माणसंही नाहीत, पण १८६४ मध्ये नगराध्यक्षपदाची निवडणूक लागण्याइतकी होती, आणि निवडणुकीवर पैज लागण्याइतकीही होती. रूएल ग्रिडली नावाचा किराणा दुकानदार पैज हरला. अट अशी की हरणाऱ्याने पन्नास पौंडांची पिठाची गोणी खांद्यावर घेऊन गावातून चालत जायचं. ग्रिडली चालला. पुढे बँड, मागे गाव, गोणीला फिती आणि झेंडे. मिरवणूक संपल्यावर या गोणीचं करायचं काय, हा प्रश्न आला. यादवी युद्ध चालू होतं, जखमी सैनिकांसाठी निधी गोळा होत होता, तेव्हा ठरलं की लिलाव करू. ज्याने घेतली त्याने पैसे दिले आणि गोणी परत केली, पुन्हा लिलाव. दुसऱ्याने घेतली, परत केली, पुन्हा लिलाव. कोकणात किंवा गोव्यात देवळातल्या मानाच्या नारळाची पावणी, म्हणजे लिलाव, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अर्थशास्त्र समजावून सांगायला नको: वस्तू कोणालाच नको असते, पण आपल्यापेक्षा शेजाऱ्याने जास्त बोललेलं कोणालाच सहन होत नाही. ग्रिडली ती गोणी घेऊन नेवाडातली गावं, मग सॅन फ्रान्सिस्को, मग पूर्वेकडची शहरं फिरला आणि त्या पिठावर लाखाहून अधिक डॉलर गोळा झाले. भाकरी एकही भाजली गेली नाही. ग्रिडली स्वतः पुढे गरिबीत गेला. या सगळ्या व्यवहाराला काय लागलं असेल? चढाओढ करणारे शेजारी, भरपूर. एकाकी रस्त्यावर ते मिळाले.

याच ऑस्टिनबाहेर स्टोक्स कॅसल नावाचा तीन मजली दगडी बुरूज आहे. अॅन्सन फेल्प्स स्टोक्स या पूर्वेकडच्या धनिकाने १८९७ च्या सुमारास तो बांधला, इटलीतल्या एका बुरुजावरून नमुना घेऊन. कुटुंब तिथे काही आठवडे राहिलं आणि गेलं. फार्महाऊस बांधून दोनदा जाणाऱ्या लोकांची जात जुनी आहे, एवढंच.

आता ओसाडपणाच्या पुराव्याकडे वळू, कारण डोंगर बोडके दिसतात हे खरंच आहे आणि विरोधी पक्षाचा तो मोठा मुद्दा आहे. युरेका गावात १८७० च्या दशकात शिसं-चांदी वितळवण्याच्या भट्ट्या पेटल्या. भट्ट्यांना कोळसा लागतो, कोळशाला लाकूड, आणि लाकूड म्हणजे आसपासच्या डोंगरांवरचे पिन्यॉन पाइन आणि जुनिपर. पाहता पाहता गावाभोवती कित्येक मैलांपर्यंत झाड शिल्लक राहिलं नाही. कोळसा पाडणारे इटालियन मजूर होते. भावावरून १८७९ मध्ये मालकांशी त्यांचा झगडा झाला, गोळीबार झाला, पाच मजूर मेले. पुढे धातू संपत आला, भट्ट्या थंडावल्या, माणसं निघून गेली. नंतर येणाऱ्याने गाडीच्या काचेतून पाहिलं आणि ठरवलं की इथे पहिल्यापासून काहीच नसणार. झाडं हळूहळू परत आली आहेत, पण ती पाहायला गाडीचा वेग कमी करावा लागतो. आणि हे पिन्यॉन नुसतं सरपण नव्हतं. त्याच्या शंकूंतल्या चिलगोज्यासारख्या बिया वेस्टर्न शोशोनी लोकांचं हिवाळ्याचं अन्न होतं. म्हणजे खाणवाल्याने ज्याला जळण म्हटलं ते दुसऱ्याचं कोठार होतं.

शोशोनींचा विषय निघाला की विनोदी लेखकाने जरा जपून चालावं. पण इथे विनोद सरकारने आधीच करून ठेवला आहे, आपण फक्त नोंद घ्यायची. रूबी व्हॅलीचा करार १८६३ चा. त्यात शोशोनींनी वाटसरूंना, टपालाला, तारेला, खाणींना येऊ द्यायचं मान्य केलं. जमीन दिली, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. शंभरेक वर्षांनी सरकारच्याच आयोगाने निष्कर्ष काढला की जमीन हळूहळू गोऱ्या लोकांच्या अतिक्रमणाने हातची गेली, तेव्हा नुकसानभरपाई द्यावी: २ कोटी ६० लाख डॉलर. शोशोनी म्हणाले, पैसे नकोत, जमीन आमची आहे. तेव्हा ती रक्कम सरकारी तिजोरीत त्यांच्या नावाने एका खात्यात ठेवण्यात आली. मेरी आणि कॅरी डॅन या दोन शोशोनी बहिणी आपली गुरं त्या जमिनीवर चारत राहिल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ मध्ये निकाल लागला की सरकारने सरकारच्या तिजोरीत पैसे ठेवले म्हणजे शोशोनींना ते मिळाले. घेणारा हात पुढे न करताही देणं पुरं होऊ शकतं, हा शोध त्या निकालात आहे. पुढच्याच वर्षी मासिकाने जाहीर केलं की तो भाग रिकामा आहे. कागदोपत्री रिकामा करायचं काम इतकं ताजं होतं की शाई वाळायची होती.

किती काळ इथे माणसं आहेत, याचाही पुरावा रस्त्यापासून दूर नाही. फॅलनजवळच्या एका गुहेत १९४० मध्ये एक देह सापडला. तो कार्सन सिटीच्या सरकारी संग्रहालयात पेटीत जाऊन पडला, आणि वय किती ते नीट तपासायला १९९० चं दशक उजाडलं. दहा हजार वर्षांहून अधिक, असं निघालं. विणलेल्या चटयांत गुंडाळलेला, अंगावर सशाच्या कातड्याचं पांघरूण, पायांत मोकासिन. जनुकीय तपासणीनंतर २०१६ मध्ये तो फॅलनच्या पायूट-शोशोनी जमातीच्या स्वाधीन झाला. संग्रहालयात अर्धं शतक एक पेटी पडून होती आणि आत काय आहे याची कोणाला नीट कल्पना नव्हती. तेव्हा बघण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्या त्या सल्लागाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पायांतलं वाहन हा या रस्त्याचा विशेष विषय दिसतो. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत मोटारीने जायचा पहिला आखीव मार्ग, लिंकन हायवे, १९१३ मध्ये जाहीर झाला आणि नेवाडात तो साधारण याच पट्ट्यातून गेला. त्याच्या १९१६ च्या अधिकृत मार्गदर्शिकेत तंबू, दोर, फावडं, पाणी यांच्या सूचनांबरोबर आणखी एक सूचना होती: नवे बूट घालू नका. यावरून त्या काळी मोटारप्रवासात किती चालावं लागत असेल याचा अंदाज येतो. पुढे रस्ते सुधारले, चालणं संपलं, आणि बुटांना काम उरलं नाही. मग मिडलगेटजवळच्या एका कॉटनवूड झाडावर लोक बूट फेकू लागले. दंतकथा अशी की एका नवविवाहित जोडप्याचं वाटेत भांडण झालं, ती म्हणाली मी चालत घरी जाते, आणि त्याने तिचे बूट उचलून झाडावर भिरकावले. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्याने बूट चढवत चढवत झाडाला शेकडो जोड लटकले. २०१० च्या अखेरीस कोणी तरी रात्रीत ते झाड कापून टाकलं, तर लोकांनी शेजारच्या झाडावर सुरुवात केली. शेकडो जोडांचा गठ्ठा जिथे जमतो त्या जागेला माणसाचं वारं नाही म्हणायचं, तर मग निदान हे बूट कोणाचे याचा खुलासा व्हावा.

रिकाम्या जागेवर सर्वांत जास्त माया असते ती संरक्षण खात्याची. फॅलनला अमेरिकी नौदलाचा विमानतळ आहे. समुद्र शेकडो मैल दूर, मध्ये सिएरा नेवाडाची भिंत, तरी नौदल इथेच. वैमानिकांची सुप्रसिद्ध ‘टॉप गन’ शाळा १९९६ पासून इथे भरते. हिमयुगात या जागी लाहोंतान नावाचं अफाट सरोवर होतं, त्यामुळे नौदलाची निवड चुकली असं म्हणता येत नाही. ते फक्त हजारो वर्षं उशिरा आलं. रस्त्याच्या उत्तरेला डिक्सी व्हॅली नावाच्या खोऱ्यात शेतकरी कुटुंबं राहत होती. विमानांच्या सरावाला अडचण होते म्हणून १९८० च्या दशकात नौदलाने त्यांची घरं-जमिनी विकत घेऊन त्यांना हलवलं. म्हणजे मासिक ज्या दशकात रिकामेपणाबद्दल हळहळत होतं त्याच दशकात रस्त्याशेजारी तो पैसे मोजून तयार केला जात होता. त्याआधी ऑक्टोबर १९६३ मध्ये फॅलनच्या आग्नेयेला, रस्त्यापासून थोड्याच मैलांवर, जमिनीखाली बारा किलोटनांचा अणुस्फोट करण्यात आला. उद्देश काय, तर भूकंप आणि अणुस्फोट यांच्या धक्क्यांतला फरक दुरून ओळखता येतो का ते पाहणं. शांत प्रदेशात शांततेचा भंग करून त्या भंगाची जात ठरवायची, असा तो शास्त्रीय प्रयोग होता.

आता आक्षेप. पहिला आणि सरळ आक्षेप असा की हा सगळा इतिहास झाला. आज, या घटकेला, रस्त्यावर गाड्या कमी आहेत की नाहीत? आहेत. उत्तरेकडून ८० नंबरचा आंतरराज्य महामार्ग जातो, मालट्रक आणि घाईची माणसं तिकडून जातात, म्हणूनच इकडे निवांतपणा आहे. पण मग पदवी द्यायचीच तर योग्य उमेदवाराला द्यावी. त्याच ईलीहून नैर्ऋत्येला टोनोपाकडे जाणारा ६ नंबरचा महामार्ग आहे. दीडशेहून अधिक मैल, मध्ये पेट्रोल नाही. एकाकीपणाच्या कुठल्याही निष्पक्ष परीक्षेत तो वरचढ ठरेल. त्याला पदवी नाही, कारण मासिकाचं लक्ष त्याच्याकडे गेलं नाही. इतका एकाकी, की एकाकी म्हणून सुद्धा कोणी त्याची दखल घेतली नाही. पदवी मिळायला आधी ओळख लागते, हे आपल्याकडच्या विद्यापीठांनाही माहीत आहे.

दुसरा आक्षेप जास्त नैतिक आहे: मग पर्यटनवाले लोकांना फसवतात का? मला तसं वाटत नाही. त्यांनी फक्त एक अडचण ओळखली. निवांत प्रवासाला निघालेल्या माणसाला काहीही नको असतं, पण ‘काहीही नाही’ हे विकता येत नाही. त्याला वेष्टन लागतं. कड्यावर उभं राहून फोटो काढला की कडा पाहिल्याचा पुरावा होतो. शांतता पाहिल्याचा पुरावा काय? त्यासाठी शिक्का. युरेका गावाने तर एकाकी रस्त्यावरचं सर्वांत मनमिळाऊ गाव अशी आपली जाहिरात केली आहे. बारकाईने पाहिलं तर हे वाक्य स्वतःचाच पाय ओढतं, पण गावाला दोन्ही गिऱ्हाइकं हवी आहेत, एकांत शोधणारी आणि गप्पा मारणारी, आणि बहुतेक वेळा ती एकाच गाडीतून उतरतात. १८८० सालचं तिथलं ऑपेरा हाऊस अजून उभं आहे. चारशे-साडेचारशे वस्तीच्या गावात नाट्यगृह चालू ठेवायचं तर रस्त्यावरून कोणी तरी यायला हवं, आणि त्याने यावं म्हणून रस्त्यावर कोणी नाही असं सांगायला हवं. मिडलगेटच्या जुन्या ठाण्यावर आता खाणावळ आहे. तिच्या छताला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सही करून चिकटवलेल्या डॉलरच्या नोटा लटकतात. बर्टनला छप्पर नसल्याचं दुःख होतं. आता छप्पर आहे आणि ते गर्दीने आतून मढवलेलं आहे.

तिसरा आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो. बघण्यासारखं काही नाही ही अफवा त्या प्रदेशाच्या भल्याचीच नव्हती का? ईलीच्या पुढे, युटाच्या सीमेजवळ, व्हीलर पीकच्या कुशीत ब्रिस्टलकोन पाइन वाढतात. १९६४ मध्ये तिथल्या एका झाडात एका संशोधकाला रस वाटला. वय मोजायचं होतं, परवानगी रीतसर होती, झाड कापलं. वर्तुळं मोजली तर पाच हजारांच्या जवळपास. तोवर माहीत असलेल्या झाडांत ते सर्वांत म्हातारं निघालं, आणि हे कळलं तेव्हा ते आडवं पडलेलं होतं. लक्ष वेधून घेण्याचे धोके याहून स्वच्छ कुठे दिसणार? तरीही मी या आक्षेपाला पूर्ण शरण जात नाही, कारण ते झाड कापलं गेलं तेव्हा तिथे राष्ट्रीय उद्यान नव्हतं आणि रस्त्याला कोणी ओळखतही नव्हतं. उद्यान झालं ऑक्टोबर १९८६ मध्ये, मासिकाच्या निवाड्यानंतर तीन महिन्यांनी. आता तिथे रात्रीच्या काळोखालाही संरक्षण आहे. २०१६ मध्ये उद्यानाला गडद आकाशासाठीची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि अंधार पाहायला माणसं जमून बसतात. रेंजर दुर्बीण लावून देतात.

राहता राहिला प्रश्न आपल्या लोकांचा, कारण ५० नंबरच्या महामार्गावर मराठी माणूस भरपूर सापडतो, फक्त चुकीच्या टोकाला. बे एरियातून शनिवारी पहाटे टाहो सरोवराकडे निघालेल्या गाड्या सॅक्रमेंटोजवळ याच महामार्गाला लागतात. तिथे वरच एक पाटी आहे: ओशन सिटी, मेरिलंड, ३०७३ मैल. मागच्या सीटवर भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, मांडीवर दशम्यांचा डबा, पुढे हजारो तांबडे दिवे. टाहोपाशी सगळे उजवी-डावी घेऊन पांगतात; तसंच पुढे जात राहिलं तर रस्ता मोकळा होतो, हे माहीत असूनही कोणी जात नाही, कारण बर्फातलं हॉटेल आधीच बुक आहे. आणि त्यात दोष तरी काय, त्यांचं काम टाहोला आहे. पण वाटेत प्लॅसरव्हिल लागतं. हँक मंकने संपादकांना वेळेत पोचवलं ते हेच गाव. महामार्ग गावाच्या मधून जातो आणि त्यावर चक्क सिग्नल आहेत. सुट्टीच्या दिवशी त्या सिग्नलला लागलेली रांग हँक मंकने पाहिली असती, तर ग्रीलीसाहेबांना त्याने खाली उतरवून व्याख्यान तिथेच द्यायला सांगितलं असतं. श्रोते तयार होते.